दवाखान्याच्या स्टँडवरची सायकल

हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या शाळेतले दोन तरुण शिक्षक एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले. शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रुग्णांकडून आणि भेटायला येणाऱ्यांकडून गाडी लावायचे पैसे घेतात, ते बंद करावेत, असा मजकूर होता. खाली पंचवीस-तीस सह्या झालेल्या. माझी सही त्यांनी धरूनच ठेवली होती, कारण तक्रार म्हटली की मी पेनाचं टोपण काढून बसलेला, अशी माझी ख्याती. बसस्थानकावरच्या पाण्यापासून पगाराच्या तारखेपर्यंत मी कशाकशावर भांडलो आहे. त्या दिवशी मात्र पेन हातात धरून बसलो आणि सही होईना. उद्या या म्हणालो. त्यांना वाटलं, गुरुजी आता थकले.

दवाखाना तोच होता. माझी माय तिथं एकवीस दिवस होती.

ते नव्वदीतले दिवस, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. मी सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर एकशिक्षकी शाळेत होतो आणि सेनगावात खोली करून राहत होतो. माय आमच्या गावी, साखऱ्याला, एकटी. मला भाऊ नाही, बहीण नाही, लग्न तेव्हा झालेलं नव्हतं. वडील मी सातवीत असताना गेले. आमचं घर गावाच्या टोकाला, म्हणून मायनं त्यांच्या वहाणा वर्षभर दारातच ठेवल्या. दारात पुरुषाच्या वहाणा दिसल्या की येणारा-जाणारा घरात माणूस आहे असं धरून चालतो. मला त्या वहाणांचा राग यायचा. शाळेतून आलो की एक क्षण वाटायचं, बाप घरात आहे.

मायच्या पायांवर आणि पोटावर सूज आली, तेव्हा मी तिला हिंगोलीला नेलं. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. पुरुषांना आत जायला फक्त संध्याकाळी चार ते सहा, तेही गर्दी असली की सोडायचे नाहीत. बाकी वेळ पुरुषांनी खालच्या व्हरांड्यात बसायचं आणि वरून आया हाक मारेल तेव्हा औषधाची चिठ्ठी घ्यायला पळायचं. जवळ बाईमाणूस लागतं. आमच्या घरात बाईमाणूस म्हणजे मायच, आणि ती तर खाटेवर. शेजारची काकू चार दिवस राहिली, मग कापसाची वेचणी सुरू झाली आणि ती गेली. तिला मी काय म्हणणार? तिचंही पोट वेचणीवर होतं.

औषधांसाठी शहरात फिरायला मी माझी सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली होती. काळीच, सगळ्यांसारखी. पण सीटवर मायनं तिच्या जुन्या लुगड्याची गादी शिवलेली, लाल आणि हिरवी, गोधडीच्या टाक्यांची. मायची खाट खिडकीशी होती. खिडकीखाली निंबाचं झाड आणि झाडाखाली दवाखान्याचं सायकल स्टँड.

स्टँडवर खाकी सदऱ्यातला एक साठीचा माणूस बसायचा. पत्र्याचा एक बिल्ला हँडलला बांधायचा, त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात द्यायचा. दिवसाचे आठ आणे.

मुक्कामाच्या सहाव्या दिवशी मला शाळेसाठी सेनगावला जाणं भाग पडलं. गाडी खच्चून भरलेली, कंडक्टरनं सायकल टपावर घ्यायला नकार दिला. सायकल स्टँडवर ठेवून मी तसाच गेलो. तिसऱ्या दिवशी आलो तर स्टँडवाल्यानं तीन दिवसांचे पैसे मागितले. मी तिथंच तोंड सोडलं. हा दवाखाना आहे की आठवडी बाजार? माणूस काय हौसेनं येतो इथं? ज्याच्या घरचं माणूस वर कण्हत पडलंय, त्याच्याकडून सायकल टेकवायचे पैसे घेता? चार माणसं जमली, त्यांनी माना डोलावल्या. स्टँडवाला शांतपणे म्हणाला की स्टँड नव्हतं तेव्हा इथून सायकली जायच्या, वर बाप आजारी आणि खाली सायकल गेलेली, अशी माणसं त्यानं रडताना पाहिली होती. मला ते पटलं नाही. पैसे फेकले आणि वर गेलो.

चार वाजले होते. माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"दोन दिस खालीच बसून राहिला व्हय रे? वर सोडत न्हाईत का तुला?" ती म्हणाली. "म्या बायायला सांगलं, माझं लेकरू खालीच हाय म्हणून. सायकल दिसून राहिली ना."

शेजारच्या खाटेवर डोंगरकडा गावची एक बाई होती. तिच्याजवळ तिची सून, समोरच्या म्हातारीजवळ दोन लेकी, कुणाची बहीण, कुणाची जाऊ. रात्रंदिवस जवळ कुणी नाही अशी खाट वॉर्डात एकच होती. मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सोडत न्हाईत माय. नियम हाय."

खाली येऊन मी स्टँडवाल्याला पुढच्या बारा दिवसांचे पैसे आगाऊ दिले. तासाभरापूर्वी आठ आण्यासाठी भांडणारा माणूस आगाऊ पैसे देतोय म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग तसंच चालू झालं. सायकल निंबाखाली उभी, मी तांड्यावर पाढे म्हणून घेतोय. दोन-तीन दिवसांनी एकदा चारच्या आत पोचायचं, व्हरांड्यातून उठून आल्यासारखं वर जायचं, सहाला खाली उतरून एसटी धरायची. लोकांना मी आजवर सांगत आलो की शाळा एकशिक्षकी होती, रजा संपल्या होत्या. ते खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं अर्धं मी एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. रविवार होते. मधे दोन सुट्ट्याही आल्या होत्या. त्या दिवशीही मी सेनगावच्या खोलीत उताणा पडून पत्र्याकडे बघत होतो. त्या व्हरांड्यात मला एकट्यानं बसवत नव्हतं. प्रत्येकाच्या सोबत बोलायला कुणीतरी असायचं, भाकरी वाटून खायला कुणीतरी. मी भाकरीचं फडकं सोडलं की भिंतीकडे तोंड करून खायचो. तिथं बसलं की माझं अख्खं आयुष्य असंच जाणार असं वाटायचं. म्हणून मी पळालो आणि माझ्या जागी सायकल उभी केली. वर माय त्याहून एकटी होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी गेलो तेव्हा मायनं मला खाटेवर जवळ बसवून घेतलं. सून भांडी घासायला गेली होती, डोंगरकड्याची बाई डोळे मिटून पडली होती. माय खिडकीबाहेर बघत हळू बोलली.

"त्या सायकलीच्या चाकाला टेकून एक कुत्रं निजते रोज. हलत न्हाई म्हणून निजते ते."

मी खिडकीतून खाली बघितलं.

"तुझ्या बापाच्या वहाणा म्या दारात ठेवल्या होत्या, आठवते का? रोज हलवत होते म्या त्या. सकाळी तोंड आत, सांजच्याला बाहीर. एका जागी पडलेली वहाण दुसऱ्या दिशी समद्यायला कळते."

माझी मान खाली गेली. तिची युक्ती मी तिच्यावरच चालवली होती, आणि तीही अर्धवट शिकून. तिनं माझा हात धरला. सुजलेला हात, बोटं मिटत नव्हती.

"काहून येत न्हाईस ते न्हाई इचारत म्या. नोकरी हाय तुझी. फकस्त ती हलवत जाय, लेकरा. ह्या बाया बघत्यात."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी व्हय म्हणालो. उद्यापासून इथंच राहतो असं ओठांवर आलं होतं, ते बोललो नाही, कारण पुन्हा खोटं पडलं असतं. सहाची घंटा झाली आणि मी खाली उतरलो.

स्टँडवाल्याला सगळं खरं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही ज्याच्याशी भांडलो त्याला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सायकल हलवाल का, असं विचारलं. तो बराच वेळ बिल्ल्यांची दोरी सारखी करत राहिला.

"बिल्ल्याचे पैसे पडतीलच, गुरुजी," तो म्हणाला. "हलवायचे न्हाई पडणार."

पाच दिवसांनी सेनगावच्या किराणा दुकानात फोन आला आणि जीपवाल्यानं निरोप तांड्यावर आणला. मुलं दुपारच्या सुट्टीत खेळत होती. मी पोचलो तेव्हा मायच्या तोंडावर चादर ओढलेली होती. चारची घंटा झालेली नव्हती, तरी त्या दिवशी मला वर जाताना कुणी अडवलं नाही.

डोंगरकड्याच्या बाईनं सांगितलं ते असं. सकाळी मायनं तिच्या सुनेला सांगून स्वतःला उठवून बसवून घेतलं. खाली बघितलं. सायकल निंबाखाली नव्हती, पलीकडे भिंतीशी लावलेली होती. माय म्हणाली, "आलं माझं लेकरू. सायकल हलली बघा." मग म्हणाली, त्याला वर बोलवा, आज सोडतील. आया खाली गेली, व्हरांडा बघितला, बाहेरची चहाची टपरी बघितली. वर येऊन काय सांगणार? म्हणाली, चहाला गेलाय, येतोच आहे. माय बरं म्हणाली आणि तशीच खिडकीकडे तोंड करून बसून राहिली.

आपणच हलवायला सांगितलेल्या सायकलीवर तिचा खरंच विश्वास बसला होता, की त्या बायांसमोर ती शेवटपर्यंत वहाणा हलवत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. किती वर्षं मी ते उलटून पालटून बघतो आहे. दोन्ही बाजूंनी ते मलाच लागतं.

ते दोघे शिक्षक दुसऱ्या दिवशी आले आणि मी सही केली. दवाखान्यात येणाऱ्याकडून असे पैसे घेऊ नयेत, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे. काल का थांबला होतात, असं एकानं विचारलं. चष्मा सापडत नव्हता म्हणालो.

माय गेली त्या दुपारी तिला न्यायला गाडी यायची होती, म्हणून मी आधी सायकल सोडवायला खाली गेलो. आगाऊ दिलेले दिवस आदल्या दिवशीच संपले होते. स्टँडवाल्यानं माझा बिल्ला घेतला, हँडलचा सोडला आणि पैशाला नको म्हणून हात हलवला. मी त्याच्याशी पुन्हा भांडलो. इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातली माणसं उठून बघायला लागली. भांडून भांडून ते आठ आणे त्याला घ्यायला लावले. त्या दिवशी मायजवळ माझं म्हणून जे काही होतं, ते तेवढंच होतं.