ताईच्या गोष्टीचा शेवट

मंडळी, या महिन्यात जादूच्या तीन कादंबऱ्या वाचून काढल्या. पहिलीत राक्षसांची नुसती गर्दी आहे. दुसरीतली जादूगारीण झकास, पण शेवट घाईत उरकलाय. तिसरीत मेलेली माणसं औषधाच्या एका थेंबानं उठून बसतात. मला रागच आला. असं कुठं होतं का?

खरं सांगू? अशा प्रत्येक पुस्तकात मी एकच गोष्ट शोधतो. सत्तरच्या दशकात, आमच्या अनसिंग गावी, माझी मोठी बहीण कापूस वेचता वेचता मला ती सांगायची. सावली हरवलेल्या राजकन्येची. हातातली पात, म्हणजे वेचायची ओळ, संपली की गोष्टही थांबायची. "बाकीची दुसऱ्या पातीले," म्हणायची. ही गोष्ट कुठून आणलीस विचारलं, की म्हणे, "पुस्तकातली हाय."

राजकन्या सावली शोधायला विहिरीत उतरली, आणि त्याच हंगामात ताई तापानं गेली.

आज दुपारी गावात ताईची मैत्रीण शांताबाई भेटली. दोघी सोबतच वेचायला जायच्या. मी विचारलं, "ताई ते पुस्तक कोणाकडून आणायची?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कायचं पुस्तक, बापू? तिले वाचता कुठं येत होतं? शाळेचं तोंड नाही पाह्यलं तिनं. मनानंच रचे."

"मग शेवट?"

"तिले तरी कुठं माईत असन? पात सरेपर्यंत रचत जाये."

घरी येऊन पुस्तकांच्या कपाटासमोर नुसताच बसलोय.

तिसऱ्या कादंबरीबद्दल वर जे लिहिलं, ते मागे घेतो. तो एक थेंब कुठं मिळतो, तुमच्यापैकी कोणाले माहीत आहे का?