डिस्कवरची खूण

सहा वर्षं मी माझी गाडी कोणत्याच मिस्त्रीच्या हाती दिलेली नव्हती. तेल मीच बदलतो, प्लगही मीच. त्यामुळे या उन्हाळ्यात पुढच्या चाकांतून करकर येऊ लागली, तेव्हा ब्रेक पॅड आणि डिस्क दोन्ही मी अमरावतीला घरच्या अंगणातच बदलायला घेतल्या.

हा हट्ट अकोल्याच्या एका मिस्त्रीमुळे. सहा वर्षांपूर्वी हेच काम त्याच्याकडे दिलं होतं. मी हातगाडीवर नळाच्या तोट्या विकत वर आलेला माणूस. जुनाच माल पुसून नवा म्हणून खपवणारे मी रोज पाहत होतो. म्हणून घरून निघताना चाकाच्या फटीतून बोट घालून दोन्ही डिस्कच्या चकचकीत भागावर मी लाल ऑइलपेंटच्या दोन रेघा ओढल्या आणि पेंट वाळल्यावर अकोल्याला गेलो. काम झाल्यावर मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे जुन्या डिस्क माझ्यापुढे ठेवल्या. एकीवरही रेघ नव्हती.

मी भडकलो. दुसऱ्याच कोणाचं भंगार मला दाखवतोय आणि माझ्याच डिस्क घासूनपुसून परत बसवल्यात, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं. 'चोर' हा शब्द तीनदा वापरला.

मिस्त्री वयाने माझ्याहून मोठा. हात पुसत म्हणाला, "सेठ, खूण केली म्हनता, तं कुठं केली होती तेवढं तं सांगा."

"तुले काहून सांगू? म्हंजे उद्या दुसऱ्याले फसवाले मोकळा!"

मी त्या डिस्क त्याच्या पायाशी फेकल्या आणि निघून आलो. पुढे दुकानात बसून, लग्नाकार्यात, चांदूर रेल्वेपर्यंतच्या ओळखीपाळखीत त्याचं नाव घेऊन सांगत राहिलो. दोन वर्षांनी अकोल्याचा एक व्यापारी सहज बोलून गेला, की तो मिस्त्री वारला. मी "असं का" म्हणालो आणि त्याला तोट्यांचा भाव सांगितला. पण त्या दिवसापासून गाडीत एकटा असलो आणि ब्रेकवर पाय ठेवला, की मागच्या सीटवरून कोणीतरी शांतपणे विचारायचं, खूण कुठं केली होती? मी आरशात बघायचो. मागे सीटच असायची. मग मी रेडिओ मोठा करायचो.

तर अंगणात गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, उजवं चाक काढलं. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला, म्हणजे ब्रेकच्या नळीवर भार येत नाही. जुनी डिस्क निघेना. हातोडीने ठोकली, तर गंजाच्या पापुद्र्यांसकट सुटून आली. तिच्या कडेला काठ आला होता, ताटाच्या काठासारखा. पॅड घासून घासून मधला भाग झिजतो आणि कड तेवढी उभी राहते, हे मला तेव्हा कळलं. हे कळलं तरी मला काही कळलं नव्हतं. नवी डिस्क पुसून बसवली, पॅड घातले, डावीकडेही तसंच केलं. आणि सवयीने, घरात लाल रंग होताच म्हणून, दोन्ही डिस्कवर दोन दोन रेघा ओढल्या. माझा माल आहे, खूण पाहिजेच.

रंग वाळेपर्यंत जेवण केलं, मग चाकं लावून गाडी जॅकवरून उतरवली. बायको गाडीत शेजारी बसली. निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत हळू गेलो, पाच-सहा वेळा ब्रेक मारून परत आलो. करकर गेली होती. खाली उतरून चाकाच्या फटीतून पाहिलं.

रेघा नव्हत्या. दुसऱ्या बाजूलाही नव्हत्या. डिस्क आरशासारखी स्वच्छ.

मी तिथेच मातीत बसलो. गल्लीच्या टोकापर्यंतही न टिकलेली खूण मी अमरावतीहून अकोल्यापर्यंत टिकेल म्हणून धरून बसलो होतो. पॅड जिथे घासतात, नेमका तिथेच मी रंग लावला होता. त्या मिस्त्रीला जागा सांगितली असती, तर तो हसला असता आणि भांडण चहावर मिटलं असतं.

"काय झालं? काहून बसले असे? ब्रेक लागून नाही राहिला का?" बायकोने विचारलं.

"लागून राहिला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला गेलो. वाटेत मागच्या सीटवरून कोणी बोललं नाही. मला ते जास्त जड गेलं.

गॅरेज तेच होतं. आता मिस्त्रीचा मुलगा चालवतो, चाळिशीचा माणूस; त्या दिवशी तो तिथेच काम करत होता. मी कोण ते सांगायची गरज पडली नाही. तो आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी घेऊन आला. त्या दोन डिस्क होत्या. कडेला तोच काठ.

"अब्बा म्हनत, गिऱ्हाइकाचा माल हाय, भंगारात घालाचा नाही. सेठ न्याले येईन."

मी त्याच्याजवळ सरकून हळू आवाजात सांगितलं, की चूक माझी होती, खूण मी चुकीच्या जागी केली होती.

तो म्हणाला, "जोरात बोला सेठ. तवा जोरात बोलले होते."

माझं डोकं सणकलं. आजवर कोणी मला असं फर्मावलेलं नाही. पण बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती आणि हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. मी तो बंद होईपर्यंत थांबलो. मग मोठ्याने म्हणालो, "तुझे अब्बा चोर नव्हते. मी खोटं बोललो."

गिऱ्हाइकांनी वर पाहिलं. त्यातलं कोणीही त्या दिवशी तिथे नव्हतं. त्यांना काही समजलं नाही. मुलगा मान हलवून कामाला लागला.

डिस्क मी डिकीत ठेवल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली, मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि मागे त्या दोघी एकमेकींवर आदळल्या. अजूनही डिकीतच आहेत. काढवत नाहीत.