‘आलंच’ म्हणणारा माणूस

आमच्या दाजींना डोंगरावर सोबत येणारी मंडळी ‘आलंच’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दाजींना ते ठाऊक आहे आणि त्यांची काही हरकत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. आठवडाभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः पायांनी डोंगर चढायचा, असला उफराटा माणूस. वर अपेक्षा ही, की बायकोच्या भावानेही साखरझोप मोडून बरोबर यावं.

हा शब्द त्यांना कामातून लागला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आत कुणीतरी दार बडवत असतं. दाजी पोहोचले की आधी हत्यारांची पिशवी उघडत नाहीत. बंद दाराच्या फटीला तोंड लावून ओरडतात, “घाबरू नका, आलंच!” काय आलं, ते अजून त्यांनाही माहीत नसतं. मग गच्चीवरच्या खोलीत जायचं, ग्रीसने माखलेल्या तारा बघायच्या, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला लावायची. बराच वेळ जातो. “अडकलेल्या माणसाला वेळ सांगायची नसते,” ते म्हणतात, “आवाज द्यायचा असतो.”

कामावर ठीक आहे. पण डोंगरावर? पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा अर्ध्या वाटेत मी विचारलं, किती राहिलं? “आलंच,” दाजी म्हणाले. त्यांच्या शब्दावर विसंबून मी उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. माथा लागेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली होती आणि मनात दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. बरोबर आलेली ताई पाण्याची बाटली पुढे करत हसली. म्हणाली, “यांचं ऐकायचं, पण खरं मानायचं नाही. मी नाही का संसार केला?”

ताईला डोंगराचं वेड दाजींनीच लावलं, आणि थंडी सरता सरताचे दिवस तिचे खास आवडते. ऊन बोचायला लागलेलं नसतं, झाडं अजून उघडी असतात आणि फांद्यांच्या टोकांवर तांबूस कोंब दिसायला लागतात. झाडांची खरी नावं दोघांपैकी एकालाही येत नसत. ‘टकलं’, ‘वाकडं’, ‘सासूबाई’ अशी यांनीच बारसं केलेली. सासूबाईंना पालवी फुटली का, हे बघायला दोघं दरवर्षी जायची. शहराच्या टोकाला शेवटचा बसथांबा, त्याच्यामागे पाण्याची टाकी, टाकीला वळसा घालून जंगलात शिरणारी पायवाट.

एका वर्षी थंडीत ताईचं पोटाचं ऑपरेशन झालं. सर्जननी पोट उघडलं, आत बघितलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. आजार सगळीकडे पसरला होता. हे त्यांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं. ताई शुद्धीवर आली तेव्हा दाजी तिच्या उशाशी उभे होते. “झालं का?” तिने विचारलं. “झालं,” ते म्हणाले. “गाठ काढली. आता बरी होतेस बघ.”

मला त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात खरं सांगितलं आणि वर तिची शपथ घातली. मी चिडलो. चिडलो म्हणजे जिन्यातच आवाज चढवला. म्हटलं, दाजी, ती काही लिफ्टमध्ये अडकलेली नाही. निदान लेकीला तरी कळवा. त्यांची एकुलती एक लेक विमानाने जावं लागतं इतक्या लांब नोकरीला. तिलाही त्यांनी फोनवर ‘सगळं उत्तम’ सांगून टाकलेलं. “तिला कळलं की ती धावत येईल,” दाजी म्हणाले, “आणि ती धावत आली की हिला कळेल.” हिशोब चोख होता. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

पुढे ताई जरा हिंडाफिरायला लागली. अंगात ताकद नव्हती, पण जिभेची धार तशीच होती. एका रविवारी तिने फर्मान काढलं, सासूबाईंकडे जायचं. मला वाटलं दाजी नाही म्हणतील. त्यांनी गुपचूप कपाटातून बूट बाहेर काढले.

जंगलात त्या दिवशी कमालीची शांतता होती. खाली पडलेली पानं ओलसर, पायाखाली आवाजसुद्धा करत नव्हती. ओढ्याला थोडं पाणी होतं. दाजी पुढे, मध्ये ताई, मागे मी. दाजी प्रत्येक दगडावर आधी स्वतः पाय ठेवून तो हलवून बघत होते, मगच ताईला हात देत होते. पहिल्या चढावरच ती दमली. थांबली, कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला.

“अहो, किती राहिलं?”

“आलंच,” दाजी म्हणाले.

“चढाचं नाही विचारत मी.”

दाजी वळले नाहीत. तिला धरायला हात तेवढा मागे केलेला होता, तो तसाच राहिला.

“डॉक्टर पथ्य सांगत नाहीत,” ताई म्हणाली. “काय हवं ते खा म्हणतात, कुठे हवं तिथे फिरा म्हणतात. एवढे लाड बऱ्या होणाऱ्या माणसाचे करतात का कुणी? आणि हा,” तिने माझ्याकडे बोट केलं, “जन्मात कधी माझ्याशी गोड बोलला नाही, तो हल्ली ताई ताई करतो. सांगा आता. काढली का गाठ?”

मी खाली पानांकडे बघत राहिलो. दाजींनी घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग ते तिच्यासमोर त्या ओल्या पानांत मटकन खालीच बसले.

“नाही काढली,” ते म्हणाले. “काढता येत नव्हती.”

“म्हणजे थोडे महिने?”

“थोडेच.”

मला वाटलं, आता ती कोसळेल. ती रडली, पण फार नाही. पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. “उठा,” म्हणाली, “पँट भिजेल. आणि आता घाई नका करू, हळू चालू.”

हळू म्हणजे खरोखरच हळू. प्रत्येक झाडाशी थांबून, कोंब बोटांनी चाचपून, ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन. सासूबाईंपर्यंत पोहोचलो नाहीच. त्या झाडाच्या बऱ्याच अलीकडे झाडी संपून उघडा उतार लागतो, खाली शहर दिसतं आणि फोनला रेंज येते. तिथे ताई दगडावर बसली आणि माझ्यापुढे हात केला.

“फोन दे.”

लेकीने फोन उचलला. ताईने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. “मी बरी नाहीये,” ती म्हणाली, “आणि होणारही नाही. तू ये.” पलीकडून काय ऐकू आलं कोण जाणे, ताईने फोन दाजींच्या हातात दिला. “तिला तुमच्याकडून ऐकायचंय.”

दाजी माझ्या शेजारीच होते, त्यामुळे आता लेकीचा आवाज मलाही ऐकू आला. “बाबा, आई घाबरलीय ना नुसती? तुम्ही म्हणाला होतात... बाबा, खरं सांगा.”

दाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर माणसांना धीर दिलेला माणूस, आणि समोर स्वतःची पोर धीर मागत होती. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने नजर हटवली नाही.

“आई म्हणते ते खरं आहे,” दाजी म्हणाले. “मी खोटं बोललो. वेळ कमी आहे बाळा, लवकर निघ.”

लेक त्याच आठवड्यात आली आणि ताई असेपर्यंत राहिली. लोकांना वाटेल, त्या दिवसांत मायलेकी गळ्यात पडून काय काय बोलल्या असतील. कसलं काय! त्या दोघी भांडल्या. उशीच्या अभ्र्यावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, लेकीच्या कापलेल्या केसांवरून, मनसोक्त. आणि दाजी कामावरून आले की हातपाय न धुता, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, खोलीच्या दाराबाहेर उभे राहून ते भांडण ऐकत.