आवाज चाकाचा, वास सासूबाईंच्या माशांचा

माझ्या कानावर माझा फार विश्वास. गाडी कुठंही कुरकुरली की मी मान तिरकी करतो, एक डोळा मिटतो आणि निदान सांगतो.

वेल्ह्याच्या पुढं सासुरवाडीला जाताना रस्त्यावर कुणीतरी काढलेला हुलगा वेलांसकट पसरला होता. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांनीच मळणी करावी, ही आमच्याकडची सोय. त्यावरून गेलो आणि डावं पुढचं चाक खर्रर्र करू लागलं. "बेरिंग," मी जाहीर केलं. मग चार दिवस गाडी सासऱ्यांच्या अंगणात उन्हात उभी.

परतताना खर्रर्र होतंच, वर वास. मेलेलं काहीतरी मंद आचेवर शिजावं तसा, गोडसर, घशात चिकटणारा. मागच्या सीटवर सासूबाईंची पिशवी होती. ओढ्यातले मासे स्वतः धरून, वाळवून, त्यांनी महिनाभर लेकीसाठी साठवलेले.

"अहो, वास चाकातून येतोय. थांबा, बघा," शेजारून बायको म्हणाली.

"आवाज चाकाचा, वास तुझ्या आईच्या माशांचा. चाक कधी नासतं का?"

"नाक लावून बघा पिशवीला."

"तेवढंच राहिलंय!"

विंझरच्या अलीकडं मला वास सहन होईना. गाडी थांबवून मी पिशवी करवंदीच्या जाळीत भिरकावली. बायकोनं मागं वळून ती जाळी नीट बघून ठेवली. आणि वास? तो आमच्याबरोबर विंझरपर्यंत आला.

तिथल्या मिस्त्रीला मी गाल फुगवून खर्रर्र करून दाखवलं.

"ब्रेक मारल्यावर वाढतो?"

"नाही."

"वळताना?"

"नाही."

"मग बेरिंग कशाचं? कायतरी घासतंय." त्यानं जॅक लावला, चाक हातानं फिरवलं, काढलं आणि तीन पावलं मागं सरला. "आरारारा! सायेब, हे तुमीच काढा."

ब्रेकच्या मागच्या दांड्याला हुलग्याचे वेल पीळ घालून बसले होते आणि त्या पिळात वेलांबरोबरच गुंडाळली गेलेली, चार दिवस सडलेली अर्धी धामण. चाक फिरलं की वेल घासायचे, ब्रेक तापला की ती शिजायची. पकडीनं ओढली तर कातडं हातात आलं, बाकीचं माझ्या बुटावर गळलं. मी गटाराकाठी ओकलो. मिस्त्री हसत होता. बायको नाही.

"झालं? आता चला मागं."

पिशवीपाशी एक कुत्रं आधीच पोचलं होतं. त्याला हाकलून काट्यांतून उरलेले मासे मी एकेक वेचले, मुंग्या झटकत.

भोरला घरी आल्यावर तिनं ते परतले आणि पहिलं ताट मला वाढलं. साबणानं तीनदा धुऊनही माझ्या बोटांना धामणीचा वास येत होता.

"खा की. आई फोनवर आहे. जावयाला आवडले का, विचारतेय."

मी घास गिळला आणि फोन हातात घेतला.