परत आणलेली कॅसेट

बाबांची माती होऊन महिना झाला आणि आईनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवत म्हणाली, “एकदा त्यांची प्रार्थना ऐकव की रे. तुझ्याकडं सगळं भरलेलं असतंय.”

भरलेलं असतंय! कपाळ माझं.

आमच्या चर्चमधल्या उपासनेचं रेकॉर्डिंग करायचं काम दहा-बारा वर्षं माझ्याकडंच होतं. नव्वदच्या दशकात पाळकसाहेबांच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवायचो. जी माणसं आजारपणामुळं चर्चला येऊ शकत नव्हती, त्यांना ती कॅसेट पोचवायची. पोचवणार कोण? बाबाच. रविवारी जेवण झालं की कॅसेटी पिशवीत घालून सायकलवर निघायचे. चर्चच्या मंडळीकडं कॅसेटी मोजक्याच, म्हणून मी नियम केलेला: जुनी परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही. परत आलेल्या कॅसेटवर पुढच्या रविवारची उपासना भरायची. एखादी आली नाही की मी घर डोक्यावर घ्यायचो. “बाबा, तुम्हाला सांगून उपयोग काय? कुणी डोळ्यांत पाणी आणलं की तुम्ही विरघळला.”

बाबा काही पाळक नव्हते. छापखान्यात खिळे जुळवून निवृत्त झालेला माणूस. पण उपासनेत आजाऱ्यांसाठी, अडल्यानडल्यांसाठी जी प्रार्थना करतात, ती त्यांच्याकडं असायची. देवाशी ते गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. “प्रभू, तुला ठावं हाय, मी नव्यानं काय सांगू? शिरोळात पाणी शिरलंय, आपल्या माणसांची जनावरं तेवढी बघ. आणि गडमुडशिंगीच्या बहिणीच्या कमरेला तू अजून हात लावला न्हाईस, हे काय बरं न्हाय बघ.” एकेकाचं नाव घेत पंधरा मिनिटं तरी चालायचं. पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन हजार सालानंतर मंडळीनं कॉम्प्युटर घेतला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. प्रोजेक्टरनं भिंतीवर गीतांचे शब्द दिसायला लागले. आखातात कामाला गेलेल्या आमच्या माणसांना उपासना ईमेलनं जायला लागली. टेलिफोनच्या तारेवरचं ते इंटरनेट, फाइल जरा लांबली की तासन्तास अडकून पडायची. काहीतरी कापणं भागच होतं. मी काय कापलं असेल? दर सोमवारी बाबांची पंधरा मिनिटं माऊसनं निवडायची आणि डिलीट. पाळकसाहेबांचा संदेश ठेवायचा, गीतं ठेवायची. हार्डडिस्क भरते म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसायचो. सीड्या आणि आजाऱ्यांच्या कॅसेटी त्याच कापलेल्या फाइलवरून भरायचो.

बाबांनी एकदाच विचारलं, “माझी प्रार्थना येत न्हाय व्हय रं त्यात?”

“बाबा, तिकडं वाळवंटात कुणाला पडलंय, इथं कुणाची कंबर दुखतीय ते?”

बाबा हसले. “बरोबर हाय की,” म्हणाले आणि पिशवी सायकलला अडकवली.

आईनं मागितल्यावर मी आठवडाभर शोधलं. कपाटातल्या झाडून सगळ्या सीड्या लावल्या. गीत संपलं की लगेच पाळकसाहेबांचा संदेश सुरू. जोड कुठं आहे ते कळतसुद्धा नाही, इतकं सफाईदार काम. त्या सफाईचा मला केवढा अभिमान होता! आई शेजारी पदर धरून बसायची आणि प्रत्येक सीडीला विचारायची, “आता येतील?”

शेवटी तिलाच आठवलं. आमच्या चर्चमधली गडमुडशिंगीची मावशी, म्हणजे बाबांच्या प्रार्थनेतली ती कंबर दुखणारी बहीण, एक जुनी कॅसेट देत नाही, म्हणून मी कितीतरी वर्षांपूर्वी तणतणलो होतो. “तिच्याकडं असंल बघ,” आई म्हणाली. तिच्या तोंडावर महिन्यानं जरा उजेड दिसला. तशीच रिक्षा केली आणि दोघं निघालो.

मावशी खाटेवरच होती. आईला बघितल्यावर “या वैनी” म्हणाली, आणि दोघी हातात हात धरून पोटभर रडल्या. मग मी कॅसेटचं विचारलं.

“ठेवलेली की एक,” मावशी म्हणाली. “त्यात भावानं माझं नाव घेतलंतं. म्हटलं, ही काय द्यायची न्हाय. चार रविवार न्हाय दिली. मग भाऊच आले मागायला. म्हटलं, भाऊ, आता खाटेला खिळल्यावर माझं नाव घेतंय कोण? एवढी राहू दे माझ्यापाशी. तर म्हणाले, ‘मी दर रविवारी तुझ्यापाशी बसून प्रार्थना करीन बहिणी, पण कॅसेट तेवढी दे. पोरगं वरडतंय घरात.’”

आई माझ्याकडं बघत नव्हती. मावशीच्या पांघरुणावरची सुरकुती हातानं सारखी करत होती.

“आणि बसायचे बरं का,” मावशी म्हणाली. “एक रविवार चुकवला न्हाय.”

ती कॅसेट मला लख्ख आठवली. बाबांनी पिशवीतनं काढून टेबलावर ठेवली होती. “आली का एकदाची!” म्हणालो होतो मी. पुढच्या रविवारी तिच्यावर नवीन उपासना भरली. माझ्या बापानं स्वतःचा आवाज पिशवीत घालून, सायकल मारत माझ्याकडं पुसायला आणून दिला, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

परत येताना रिक्षा शहरात शिरली तशी आई म्हणाली, “नसती आणली त्यांनी, तर खरंच वरडला असतास का रे?”

खोटं बोलता आलं असतं.

“व्हय आई,” म्हटलं.

तिनं मान हलवली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.