खडूची पूड आणि इंजिनाची गळती

आरंभीच क्षमा मागतो. ज्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने साधना केली, त्यांनी आपले अनुभव लिहावेत हे योग्य आहे. माझ्यासारख्याने त्यांच्या पंक्तीत येऊन बसणे हे धाडसच म्हणावे लागेल. माझी उपासना म्हणजे आंघोळीनंतर पाच मिनिटे हात जोडणे, आणि तेही घाईत. लेखनाचा सराव म्हणाल, तर प्रश्नपत्रिका आणि शाळेचे अहवाल यांपलीकडे साठी उलटेपर्यंत मी काही लिहिले नाही. शिवाय माझ्या अनुभवात कोणताही दृष्टांत नाही. आहे ती एक मोटारसायकल आणि तिच्या इंजिनातून होणारी तेलाची गळती. जे घडले ते घडले तसे लिहा, असा पत्नीचा आग्रह पडला, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी महाडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत होतो. लग्न उशिरा झाले होते, मोटारसायकल त्याहूनही उशिरा घेतली. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पत्नीला फिट येऊ लागल्या. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या चुकवायच्या नाहीत, अशी ताकीद दिली. गोळ्या सुरू झाल्यावर फिट थांबल्या. पण हा आजार आम्ही कोणाला सांगितला नाही. शाळेत नाही, शेजारी नाही. बाळंतपणासाठी ती माहेरी, पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला गेली, तेव्हा तिथेही तिच्या आईखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. दुकानाची चिठ्ठी असलेले पाकीट दिसू नये म्हणून गोळ्या मी पावडरच्या एका रिकाम्या डबीत भरून दिल्या होत्या.

गळती सुरू झाली ती त्याच हिवाळ्यात. सकाळी इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसत. जिथे थेंब पडतो तिथेच दोष असणार, असे मी धरून चाललो आणि तळाचा बोल्ट घट्ट केला. उपयोग झाला नाही, तेव्हा एका गॅरेजमध्ये इंजिनाच्या सांध्यातले एक पॅकिंग बदलून घेतले. महिन्याने दुसऱ्या गॅरेजमध्ये दुसरे. आठ दिवस इंजिन कोरडे राही आणि पुन्हा ओले होई. रोज रात्री खाली वर्तमानपत्र अंथरायचे, सकाळी त्यावरचे डाग पाहायचे आणि वरून थोडे तेल ओतायचे, हा माझा नेम होऊन गेला. आजार असो वा गळती, निस्तरून नेण्याची माझी हीच रीत होती.

एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळची होती. सुटायच्या वेळी कुडपणचा एक ओळखीचा गृहस्थ सासूबाईंचा निरोप घेऊन आला. डबी आदल्या दिवशीच संपली होती, नवी आजच हवी होती. महिन्याच्या गोळ्या भरताना मोजण्यात माझीच चूक झाली होती. याचा अर्थ सकाळची गोळी चुकली होती, आणि दोन महिन्यांची मुलगी जिच्या मांडीवर असते तिला संध्याकाळची गोळी मिळाली नाही तर काय होईल, हे तिथे मला एकट्यालाच कळत होते.

तो गृहस्थ म्हणाला, “गुरुजी, द्या माझ्याकडं. मी तीनच्या गाडीनं वर जानारच हाय.”

“नको. मीच येतो.”

“उन्हाचं कशाला तडफडताय? नि त्या डबीत असतं तरी काय?”

“टॉनिक,” मी म्हणालो.

औषधाचे दुकान शाळेपासून दहा मिनिटांवर होते. गोळ्या घेऊन त्याच्या हाती देणे सहज शक्य होते. पण त्याने पाकीट वाचले तर, या एका शंकेने मी त्याला रिकाम्या हाती परत पाठवले आणि गोळ्या घेऊन गळक्या मोटारसायकलवर स्वतः निघालो.

पोलादपूर सोडून घाटाच्या रस्त्याला लागलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. आत कोणी खिळे हलवीत असल्यासारखी खडखड ऐकू येऊ लागली. थांबलो. उजवा बूट तेलाने माखला होता. तेल मोजण्याची कांडी बाहेर काढली, तर ती कोरडी होती. सकाळी पाहिले तेव्हा तिच्यावर निम्म्याच्या वर तेल होते. पुढे रेटले असते तर इंजिन जागीच जाम झाले असते, आणि चालत गेलो असतो तर कुडपण काही दिवसाउजेडी गाठता आले नसते. रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. एरवी प्रार्थना करताना देवाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हेही मी त्याला सुचवीत असे. त्या दुपारी काही सुचेना. “मला कळत नाही, आता तूच बघ,” एवढेच मनात आले.

थोड्या वेळाने घाटातून पोलादपूरकडे उतरणारी, गावोगावचे प्रवासी नेणारी एक वडापची जीप थांबली. चालक पन्नाशीचा होता. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. पुढच्या बाकावर मांडीवर फणस घेतलेली एक म्हातारी, मागे चार-पाच माणसे.

“काय मास्तर, बंद पडली?” त्याने विचारले. मी मास्तर आहे हे त्याने कसे ओळखले, असे मी विचारले, तेव्हा त्याने माझ्या खिशाकडे बोट केले. उरलेले खडूचे तुकडे खिशात टाकण्याची मला सवय होती.

“कुठनं गळतंय?” त्याने उकिडवे बसत विचारले. मी तळाचा बोल्ट दाखवला.

“तिथनं थेंब पडतोय. गळतंय कुठनं, ते विचारतोय मी.”

तो मस्कतला बारा वर्षे गाड्या दुरुस्त करीत होता, असे त्याने बोलता बोलता सांगितले. इंजिन निवेपर्यंत तो थांबला. मग जीपमधल्या डब्यातून तेल ओतले, डिझेलच्या बोळ्याने सगळे इंजिन पुसून लख्ख केले, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसले आणि माझ्यापुढे हात केला. “खडू द्या.” दगडावर खडू कुटून त्याची पूड त्याने कागदावर घेतली आणि फुंकर मारून इंजिनावर चहूबाजूंनी उडवली.

म्हातारीला राहवेना. “काय रे, पावडर लावून बघायच्या कार्यक्रमाला नेतोस काय तिला?”

“थांब ग मावशे. गोरी झाली, की घाम कुठं फुटतो ते कळंल.”

मोटारसायकल चालू करून तो एकाग्रतेने पाहत राहिला. मीही पाहत होतो. पूड आधी अगदी वर, हेडच्या झाकणाच्या कडेला ओली झाली. मग बाजूच्या झाकणाला, मग किकच्या दांड्यापाशी. तिन्ही ओघळ उतरत उतरत तळाच्या बोल्टापाशी एकत्र आले. माझा बोल्ट निर्दोष होता. त्याने इंजिन बंद केले.

“एका जागी ओली झाली असती, तर पॅकिंग गेलं म्हनलो असतो. ही चारी अंगांनी घामाजली. म्हंजे आत हवा कोंडतेय. तिला भाईर जायला वाट नाय, म्हनून जिथं फट गावंल तिथनं ती तेलाला ढकलतेय. इंजनाला पन श्वास लागतो, मास्तर. त्याची नळी असते.” असे म्हणत त्याने टाकीखाली हात घातला. हात एका जागी थांबला. “हे कोनी बांधलं?”

इथे मला थांबून एक कबुली द्यावी लागते. पत्नीला पहिली फिट आली, त्यानंतरच्या रविवारी मी शिवथरला जाऊन आलो होतो. घळीत तासभर बसलो, विकत घेतलेला एक काळा दोरा समर्थांच्या पायाशी ठेवला आणि परत आणला. पुढे गाडी घेतली तेव्हा तो तिच्या हँडलला बांधायचा मनात होता. पण वर्गात मी दोरे-गंड्यांविरुद्ध बोलत असे. सहकाऱ्यांनी पाहिले तर हसतील, म्हणून टाकीखाली हात घालून, जी रबरी नळी हाताला लागली तिच्यावर, सात वेढे देऊन आवळून बांधला. कोणाला दिसू नये, एवढीच दक्षता घेतली. ती नळी कशाची, हे पाहिले नाही. उष्णतेने रबर नरम पडत गेले, दोरा त्यात रुतत गेला आणि नळी बंद होत गेली.

“मी,” एवढेच मी म्हणालो.

तो हसला नाही. मी म्हटले, “तोडून टाका.”

“मी नाय हात लावनार. तुमच्या श्रद्धेचा हाय तो. तुम्हीच सोडा.”

तेलाने भिजून गाठ दगडासारखी झाली होती. जीपमध्ये सुरी आहे, असे तो म्हणाला. मला ते करवेना. किल्लीच्या टोकाने उकलीत बसलो. मागची माणसे कुरकुरू लागली. म्हातारी जवळ येऊन वाकून पाहू लागली.

“देवाचा दोरा बांधलास तो बांधलास,” ती म्हणाली, “नाकाडावर कशाला बांधलास रे?”

सगळे हसले. मलाही हसू आले, आणि त्या हसण्यातच गाठ सुटली.

“एवढी घाई कशाची हाय?” त्याने हात पुसत विचारले. ‘टॉनिक’ हा शब्द ओठांवर आला होता. पण सात वेढे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो उच्चारता येईना. “बायकोला फिट येतात. तिच्या गोळ्या आहेत,” मी म्हणालो. हे वाक्य मी डॉक्टरांव्यतिरिक्त प्रथमच कोणापुढे बोलत होतो, आणि तेही जीपभर अनोळखी माणसांपुढे.

“माझ्या जावेला येत,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “पोर अंगावर असंल तर आधी उचलायचं, नि तिला कुशीवर वळवायचं. तोंडात काय घालायचं नाय. तुझ्या घरात म्हाईत हाय ना सगळ्यांना?”

“फक्त तिच्या आईला,” मी म्हणालो.

“मग कसं रे व्हायचं? ती पडली, तर उचलनारीला काय सपान पडनार हाय?”

चालकाने राहिलेल्या खडूची पूड पुन्हा उडवून इंजिन चालू केले. या वेळी ती बराच वेळ पांढरीच राहिली. “थोडं पाझरंल, पन पोचाल,” असे म्हणून तो जीपमध्ये बसला. मी आभार मानू लागलो तोवर त्याने गाडी हलवली होती.

रस्ता संपला तिथे मोटारसायकल ठेवून कुडपणचे पठार चढलो, तेव्हा उन्हे कलली होती. पत्नी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मुलगी तिच्या शेजारी जमिनीवर, गोधडीवर रडत होती. दुपारपासून आपण तिला उचलून घेतले नाही, असे पत्नीने मला हळूच सांगितले. उचलण्याची तिला भीती वाटत होती, आणि का उचलत नाही हे घरातल्या कोणाला सांगता येत नव्हते. शेजारणी तिला निष्ठुर म्हणून गेल्या होत्या. तिने गोळी घेतली. तिच्याकडे पाहून मी नजरेनेच विचारले, आणि तिने मान डोलावल्यावर घरातल्या सर्वांना एकत्र बोलावून आजाराचे नाव सांगितले. कुशीवर कसे वळवायचे तेही दाखवले. निरोप्या तोवर तिथे आला होता. त्यालाही ते टॉनिक नव्हे, हे सांगितले.

त्या दिवशी फिट आली नाही. ती आली पावसाळ्यात, महाडला, मी शाळेत असताना. गोळी चुकली नव्हती, तरीही आली. पण तोवर शेजारी आम्ही सांगून ठेवले होते. शेजारच्या वहिनींनी मुलीला उचलले, पत्नीला कुशीवर वळवले आणि कोणाला तरी मला बोलवायला पाठवले. मी पोहोचलो तेव्हा मुलगी वहिनींच्या कडेवर झोपली होती.

पोलादपूरच्या स्टँडवर मी त्या चालकाचा पुढे शोध घेतला. तो परत मस्कतला गेल्याचे कळले. त्याच्या येण्याला मी चमत्कार म्हणत नाही. त्या रस्त्याने तो रोजच ये-जा करीत असणार. मी फक्त कृतज्ञ आहे, आणि स्वतःला सोपवणे म्हणजे काय, याचा थोडा अंदाज आता मला आला आहे. दोरा बांधताना मी सर्व काही माझ्या मुठीत ठेवले होते, देवालासुद्धा. दोरा सोडताना माझ्या मुठीत काहीच उरले नव्हते. एवढे लिहून, अधिकार नसताना लिहिल्याबद्दल पुन्हा एकदा क्षमा मागतो, आणि ज्याचे उत्तर मला आजवर सापडले नाही तेच तुम्हाला विचारतो: देवाने माझी हाक ऐकली, ती मी दोरा बांधला तेव्हाची, की सोडला तेव्हाची, असे तुम्हाला वाटते?