दुसऱ्याचं कुलूप

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. सासूबाई अमावास्येला नारळ ओवाळून तिठ्यावर टाकायला द्यायच्या, आणि मी तो पिशवीत घालून परत आणून त्याची चटणी करायचे. अमावास्या कधी बाधली नाही, बाधली ती ॲसिडिटी! त्यामुळे ‘तू एक दिवस या गूढ अनुभवांच्या सदरात लिहिशील’ असं कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं ते झालं... ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

मी वैशाली. राहायला माजिवड्याला, नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. त्यातले काही अणुवीज केंद्रात जातात. तिथे काही बिघडलं तर गार पाणी सोडायला जे उघडावे लागतात ना, ते. वर्षानुवर्षं नुसते बसून असतात, पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी उघडलेच पाहिजेत. म्हणून टेस्टिंग झालं की प्रत्येकाला नंबरवालं सील लागतं, आणि गाडीत चढेपर्यंत ते जाळीच्या खोलीत राहतात. आम्ही तिला पिंजरा म्हणतो.

पिंजऱ्याला दोन कुलुपं. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची स्टोअरच्या गायकवाड काकांकडे. एकट्याने आत जायचं नाही. आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि बंद करताना आपलं कुलूप आपण ओढून बघायचं नाही — ते दुसऱ्याने ओढायचं आणि रजिस्टरला सही करायची. हा नियम केंद्राच्या सुरक्षावाल्यांनी घालून दिलेला. सुरुवातीला मी जाम वैतागलेले. म्हटलं, “काका, हे काय? आम्ही काय अतिरेकी आहोत?”

काका आंबिवलीचे. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, आवाज कधी चढवला नाही. म्हणाले, “ताई, बाहेरून येणाऱ्यासाठी तिकडे कुंपण आहे, बंदूकवाले आहेत. आतल्या माणसासाठी कोण आहे? तुमच्यासाठी मी आणि माझ्यासाठी तुम्ही. आपलं कुलूप आपल्याला बरोबरच वाटतं.”

माझं कुलूप ओढायची त्यांची एक पद्धत होती. खट-खट असे दोन झटके, मग थांबायचे, मग तिसरा. एकदा विचारलं तर म्हणाले, “पहिले दोन कुलुपासाठी. तिसरा आपल्याला झोप लागावी म्हणून.”

मागच्या वर्षी काका हार्ट अटॅकने गेले. सकाळी कामाला निघायच्या तयारीत होते म्हणे. आंबिवलीला जलदानविधीला मी गेलेले. त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले तेव्हा फार भरून आलं. काकांची किल्ली डिस्पॅचच्या शिर्केकडे गेली. पोरगा वाईट नाही, पण सदा घोड्यावर बसलेला.

तर तो शनिवार. बारा व्हॉल्व्ह जायचे होते, गाडी चारला येणार होती. मी डबा खात होते आणि लेकीचा कॉलेज ॲडमिशनसाठी सारखा फोन चालू होता. शिर्के आला. “मॅडम, पॅकिंग लिस्ट पिंजऱ्यात राहिली. तुम्ही जेवा, किल्ली द्या, दोन मिनिटांत आलो.” माझ्या हाताला बांगड्याचं तिखट लागलेलं. म्हटलं, कोण उठतंय आता... आणि मी मानेनेच ड्रॉवरकडे खूण केली. पाच-सात मिनिटांत किल्ली परत आली. मला काही वाटलंसुद्धा नाही. काका असते तर त्यांनी मला उठवून हात धुवायला लावले असते.

साडेतीनला आम्ही दोघांनी शेवटची मोजणी केली. बारा व्हॉल्व्ह, बारा सीलं. खरं तर नंबर वाचायचे असतात, आम्ही नुसतीच मोजली. बाहेर येऊन कुलुपं लावली. गाडी आत घ्यायला गेटवर दोघांची सही लागते, म्हणून शिर्के तरातरा पुढे निघाला. माझं कुलूप त्याने ओढलं नाही. मीही त्याचं ओढलं नाही. माझं दाबलेलं, क्लिक झाल्यासारखं वाटलेलं. सात-आठ पावलं गेले असेन.

मागून आवाज आला. खट-खट...

मी थांबले.

...खट.

वळून बघितलं. पॅसेज रिकामा. पिंजऱ्याच्या पलीकडे भिंत आहे, तिकडून यायला-जायला वाटच नाही. आणि माझं कुलूप हलत होतं. शेजारचं, काकांचं जुनं, ढिम्म. माझ्या तोंडून निघून गेलं, “हो काका, बघते.” का निघालं, देव जाणे! जवळ गेले तर कुलुपाचा दांडा बसलाच नव्हता. उघडं! अंगावर सर्रकन काटा आला.

“कोणाशी बोलताय मॅडम?” शिर्के पॅसेजच्या त्या टोकाला.

“कुलूप तू ओढलंस?”

“मी इथे आहे ना! दाबा नि चला, ड्रायव्हर फोनवर फोन करतोय.”

त्याचं खरं होतं. एकदा दाबलं की विषय संपला असता. पण त्या तिसऱ्या झटक्याने मला दुपारचा डबा आठवला. आत काही निघालं तर पहिला प्रश्न — किल्ली कोणाची? माझी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी नोकरी कोण देणार, आणि लेकीची फी तोंडावर. आणि न बघता गाडी सोडली तर? बाराच्या बारा व्हॉल्व्हच्या कागदांवर माझी सही. कधीतरी तिकडे कोणीतरी जीव मुठीत धरून बटण दाबेल आणि माझी सही असलेला व्हॉल्व्ह उघडणार नाही...

“शिर्के, तुझं कुलूप काढ.”

“वेड लागलंय का मॅडम?”

“लागू दे. काढ. मी सीलवरचे नंबर वाचते, तू रजिस्टर धर.”

आठपर्यंत नंबर जुळले. नवव्यावरचा नंबर रजिस्टरमध्ये नव्हताच. शिर्केचं तोंड पांढरंफटक पडलं. मी त्याला काही विचारलं नाही. सरळ मॅनेजरना फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच म्हटलं, “सर, जेवताना मी माझी किल्ली दुसऱ्याला दिलेली.” इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

सोमवारी केंद्राचे सुरक्षा अधिकारी आले. त्यांच्यासमोर नववा व्हॉल्व्ह उघडला. आत तेलकट चिंधी निघाली. मूठभर, दाबून बसवलेली. टेस्टिंगच्या वेळी ती असणं शक्यच नव्हतं. शिर्के रडकुंडीला येऊन सांगत होता की ट्रॉली लागून सील तुटलं, बोंब नको म्हणून त्याने नवं लावलं, व्हॉल्व्हला हात लावला नाही. खरंही असेल. चिंधी टेस्टिंगनंतर पुसताना चुकून राहिली की कोणी घातली, त्याची चौकशी अजून चालू आहे. शिर्के घरी बसलाय. माझ्या फाइलला मेमो लागला, किल्ली काढून घेतली. माझी तक्रार नाही, नोकरी राहिली हेच खूप.

अधिकाऱ्यांनी मला सीसीटीव्ही दाखवला. मी पाठमोरी जातेय, मागे चिटपाखरू नाही. कुलूप दोनदा हलतं. थांबतं. मग एकदा. ते म्हणाले, “मागच्या रस्त्याने ट्रक गेला असेल, हादरा बसला असेल.” मी विचारलं, “मग शेजारचं का नाही हललं?” त्यांनी ते परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग स्क्रीन बंद केला.

मीही गप्प बसलेली नाही. परवानगी काढून ते कुलूप तसंच अर्धवट अडकवलं, पाय आपटले, दार आदळलं, कॉम्प्रेसर चालू करायला लावला. कुलूप हलतं, नाही असं नाही. पण दोनदा हलून, थांबून, मग एकदा... ते काही केल्या होत नाही. मेलेला माणूस कुलूप ओढायला येत नाही, हे मी आजही मानते. मग कोणी ओढलं? नाही सांगता येत मला.

जाताना अधिकाऱ्यांनी शनिवारचं रजिस्टर पुढे ओढलं. ‘कुलूप ओढून पाहिले — सही’ असा एक रकाना असतो. मी पेन उचललं तसं त्यांनी थांबवलं. “तुमची चालणार नाही. तुमचंच कुलूप आहे. ओढून ज्याने पाहिलं, त्याची सही हवी.”

मी पेन तसंच हातात धरून बसले. त्यांनीही घाई केली नाही.

तो रकाना अजून रिकामा आहे.